डाइव्ह कॉम्प्युटरचा सेल दर ट्रिपच्या आधी संपलेलाच का सापडतो?

नोव्हेंबरात अंदमानची तिकिटं निघतात आणि कपाटातून डाइव्ह कॉम्प्युटर बाहेर येतो, म्हणजे पाण्याखाली खोली, वेळ आणि शरीरात साठणाऱ्या नायट्रोजनचा हिशेब ठेवणारं यंत्र. बटण दाबलं तर स्क्रीन कोरी, नाहीतर कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह लुकलुकतंय. सेल मागच्याच सीझनला बदललेला असतो आणि त्यावर झालेल्या डाइव्ह बोटांवर मोजण्याइतक्या. घाईघाईत नवा सेल आणायचा, ट्रिप निभावून न्यायची, आणि पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा तेच.

नागपुरातल्या डायव्हर मंडळींकडून मला हा प्रश्न सतत येतो. माझं उत्तर दरवेळी एकच असतं: सेल समुद्रात संपत नाही, नागपुरात संपतो. वर्षातले मोजके दिवस सोडले तर आपला कॉम्प्युटर घरीच पडून असतो. अंदमानातल्या स्वराज द्वीपला किंवा मालवणला राहणाऱ्या इन्स्ट्रक्टरचा सेल रोजच्या वापराने झिजतो, आपला निष्कारण जातो. तो कुठे जातोय हे शोधलं नाही, तर नवा सेलही त्याच वाटेने जाणार.

आधी वॉटर कॉन्टॅक्ट तपासा

बऱ्याच कॉम्प्युटरांच्या बाहेरच्या बाजूला धातूचे दोन-तीन छोटे ठिपके असतात. काही मॉडेलांत बटणंच त्यातलं एक टोक असतं. पाण्यात गेल्यावर या टोकांमधून किंचित वीज वाहते, 'आपण पाण्यात आहोत' हे कॉम्प्युटरला कळतं आणि तो डाइव्हसाठी जागा होतो. सुंटो कंपनीच्या अनेक मॉडेलांत तेव्हा स्क्रीनवर 'एसी' अशी अक्षरं दिसतात. काही कॉम्प्युटर मात्र निव्वळ दाबावर चालू होतात. शिअरवॉटर कंपनीचे त्यातले. त्यांचे मालक हा भाग सोडून पुढे गेले तरी चालेल.

गडबड होते ती मिठामुळे. ट्रिपच्या शेवटच्या दिवशी आपण कॉम्प्युटर बोटीवरच्या किंवा डाइव्ह सेंटरच्या टाकीत बुडवतो आणि धुतला असं समजतो. त्या टाकीत सकाळपासून सगळ्यांचे रेग्युलेटर (श्वासाचं उपकरण), बीसीडी (तरंगणं सांभाळणारं जॅकेट), बूट बुडालेले असतात. संध्याकाळपर्यंत ते पाणीच खारट झालेलं असतं. कॉम्प्युटर वाळतो, पण टोकांवर आणि बटणांच्या फटीत मिठाचा पातळ थर राहतो. कोरडा असताना तो काही करत नाही. पण समुद्राचं मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाणी सोडतं, तेच इथे दोन टोकांच्या मधोमध घडतं.

आता आपलं वर्ष बघा. जानेवारी-फेब्रुवारीत ट्रिप करून परत आलो. एप्रिल लागताच घराघरात कूलर सुरू होतात. बाहेर हवा कोरडी ठणठणीत असली तरी कूलरच्या खोलीतली हवा दमट असते आणि कपाट त्याच खोलीत असतं. जूनच्या मध्यापासून पावसाळा. म्हणजे सहा महिने तो थर ओलसर राहू शकतो आणि कॉम्प्युटरला वाटत राहतं की आपण पाण्यात आहोत.

याचा हिशेब मांडून बघा. सीआर २४५० सेलची क्षमता साधारण ६०० मिलिअँपिअर-तास. ओल्या टोकांमुळे कॉम्प्युटर अर्धवट जागा राहून समजा फक्त ०.१ मिलिअँपिअर जादा खाऊ लागला, तर दिवसाला २.४ आणि महिन्याला ७२ मिलिअँपिअर-तास जातात. आठ-साडेआठ महिन्यांत सेल खलास. जानेवारीत ठेवलेला कॉम्प्युटर नोव्हेंबरात मेलेला सापडणार, यात नवल काय! सीआर २०३२ असेल तर त्याच्या जेमतेम २२० मिलिअँपिअर-तासांना तीन महिनेही पुरे.

तपासणी सोपी आहे. कॉम्प्युटर कोरडा करून टेबलावर ठेवा, कुठलंही बटण दाबू नका. मॅन्युअलमध्ये दिलेल्या वेळेत तो घड्याळाच्या स्क्रीनवर किंवा पूर्ण झोपेत गेला पाहिजे. 'एसी' दिसत राहिलं, डाइव्ह मोड सुटेना, किंवा झोपल्यावर आपोआप पुन्हा उठू लागला, तर चोर सापडला.

त्यावर उपाय म्हणजे साधं पाणी आणि वेळ. बादलीत कोमट नाही, साधंच पाणी घ्या, कॉम्प्युटर तासभर बुडवून ठेवा आणि मधे एक-दोनदा पाणी बदला. मऊ टूथब्रशने टोकांभोवती आणि बटणांच्या कडेने हलक्या हाताने घासा. पांढरा, कडक थर असेल तर व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळून कापसाच्या काडीने तेवढ्याच जागी लावा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. नळाची जोरदार धार थेट बटणांवर किंवा प्रेशर सेन्सरच्या छिद्रांवर सोडू नका, आणि त्या छिद्रांत पिन तर अजिबात घालू नका. टॉवेलने टिपून सावलीत पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. पूलमध्ये सराव केल्यावरही एवढंच करायचं. क्लोरीनचं पाणी गोडं असलं तरी ते आटलं की थर सोडतंच.

मग ठेवायचा कुठे? वेटसूटच्या बॅगेत नको. निओप्रीनचे बूट आणि हातमोजे बाहेरून वाळलेले वाटले तरी आत ओल धरून असतात. झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या, आणि कॉम्प्युटरच्या टोकांवर पट्ट्याचं धातूचं बक्कल टेकणार नाही अशा बेताने. माझ्या अनुभवात 'सेल टिकतच नाही' म्हणणाऱ्या निम्म्याहून अधिक लोकांचं काम एवढ्यावर भागतं.

उन्हाळा आणि गाडीची डिकी

लिथियमचा कॉइन सेल घरातल्या तापमानाला स्वतःहून वर्षाला साधारण एक टक्काच उतरतो. तापमान वाढलं की हा वेग वाढतो. अशा बहुतेक सेलची वरची मर्यादा ६० अंश सेल्सिअस सांगितलेली असते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त. पूल सेशन संपवून डाइव्ह बॅग दोन दिवस डिकीतच राहिली, तर सेलचं आयुष्य तर जातंच, शिवाय ओ-रिंग (झाकणाखालचं पाणी अडवणारं रबरी कडं) कडक होते आणि एलसीडी काळा पडायची भीती. गच्चीला लागून असलेल्या खोलीतला माळाही तसाच. कॉम्प्युटर घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, खालच्या खणात ठेवा. फ्रिजमध्ये मात्र नको. बाहेर काढल्यावर त्यावर आणि आत दव धरतं.

उलटा प्रकार डिसेंबरात दिसतो. पहाटे दहा-बारा अंशांना 'लो बॅटरी' दिसतं आणि दुपारी गायब होतं. थंडीत सेलचा अंतर्गत रोध वाढतो, म्हणून असं होतं. दुपारी चिन्ह गेलं म्हणून सेल ठीक झाला असं समजू नका. नवा सेल दहा अंशांना कुरकुरत नाही.

मल्टिमीटर तीन व्होल्ट दाखवतो, तरी कॉम्प्युटर बंद पडतो

हा गोंधळ इतक्यांना होतो की थोडं सविस्तर सांगतो. धंतोलीतल्या एका मित्राचा कॉम्प्युटर बॅकलाइट लावला की रीस्टार्ट व्हायचा. त्याने सेल काढून मीटर लावला, आकडा २.९ च्या वर. "सेल तर एकदम मस्त आहे, मशीनच गेली," असं म्हणून तो नवा कॉम्प्युटर बघायलाही लागला होता.

लिथियम कॉइन सेलचा व्होल्टेज आयुष्यभर जवळजवळ सपाट राहतो आणि अगदी शेवटी धाडकन कोसळतो. त्यामुळे नुसत्या मीटरवर अर्धा संपलेला सेल आणि नवा सेल सारखेच दिसतात. सेल म्हातारा होताना खरा बदल होतो तो अंतर्गत रोधात. घड्याळ दाखवायला लागणारा इवलासा प्रवाह तो सहज देतो, पण बॅकलाइट किंवा बझरने एकदम जास्त प्रवाह मागितला की व्होल्टेज खाली बसतो आणि प्रोसेसर बंद पडतो. पाण्याखाली हे नेमकं कधी होतं? वर येण्याचा वेग जास्त झाला म्हणून अलार्म वाजायला जातो तेव्हा, किंवा रात्रीच्या डाइव्हला तुम्ही लाइट लावता तेव्हा. म्हणजे कॉम्प्युटरची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच.

म्हणून सेल तपासायचा तो भार देऊन. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात १०० ओहमचा रेझिस्टर एक-दोन रुपयांत मिळतो. तो सेलच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन सेकंद टेकवून त्याच वेळी मीटर वाचायचा. मग तेच त्याच नंबरच्या नव्या सेलवर करायचं. मित्राच्या डायनिंग टेबलवर आम्ही दोन्ही सेल शेजारी शेजारी ठेवले. नव्याचा आकडा थोडा उतरला आणि तिथेच थांबला. जुन्याचा पहिल्याच क्षणी त्याच्यापेक्षा बराच खाली गेला आणि मीटरवरचा शेवटचा अंक थांबायला तयार नव्हता, खाली, खाली, खाली. रेझिस्टर काढताच दोघंही पुन्हा तीनच्या आसपास. त्यानंतर मशीनला दोष द्यायला जागा उरली नाही. पाच सेकंदांच्या वर रेझिस्टर धरून ठेवू नका, उगाच चांगला सेल खर्ची पडतो.

नव्या सेलनंतरही तेच होत असेल, तर सेल बसतो ती जागा बघा. आतल्या पत्तीवर हिरवट-निळसर डाग म्हणजे कधीतरी पाणी आत शिरलेलं आहे. हलका डाग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या काडीने पुसता येतो. तो फक्त धातूवर लावा, प्लास्टिकला नको, काही प्लास्टिकना त्याने बारीक तडे जातात. पत्ती दबलेली असेल तर लाकडी टूथपिकने अलगद वर उचला. पत्ती खाल्लेली असेल तर मात्र तो सर्व्हिस सेंटरचाच विषय आहे, घरी प्रयोग नकोत.

कुठला सेल घ्यायचा

नंबर सेलवरच कोरलेला असतो आणि त्यात मापं असतात: २४५० म्हणजे साधारण २४.५ मिलिमीटर व्यास आणि ५ मिलिमीटर जाडी, २४३० म्हणजे तोच व्यास पण ३ मिलिमीटर जाडी. क्रेसी लिओनार्डोला २४३०, मारेस पक प्रो आणि सुंटो झूप नोवोला २४५०. व्यास सारखा म्हणून २४५० च्या जागी २४३० खाली फॉइलची घडी घालून बसवणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून करू नका. उडी मारताना बोटीवरून बसणारा एक हिसका पुरतो आणि संपर्क तुटतो.

सीआर हीच अक्षरं हवीत. 'एलआयआर' लिहिलेला सेल रिचार्जेबल असतो आणि पूर्ण चार्ज असताना ४.२ व्होल्टपर्यंत जातो. तीन व्होल्टच्या सर्किटमध्ये तो टाकायचा नाही. बीआर सेल मापाने बसतो, पण एकदम जास्त प्रवाह द्यायला कमकुवत.

सीताबर्डीत किंवा इतवारीत घड्याळाच्या सामानाच्या दुकानात २०३२ पाहिजे तेवढे मिळतात, कारण ते रिमोटपासून गाडीच्या किल्लीपर्यंत सगळीकडे लागतात. २४५० आणि २४३० कमी खपतात, म्हणून दुकानात जास्त काळ पडून असतात. सीलबंद पाकिटातलाच घ्या आणि मागची तारीख वाचा. सुट्टे, एकमेकांवर रचून ठेवलेले सेल एकमेकांना लागून थोडे थोडे उतरत असतात, ते नकोत. मुलांनी गिळू नयेत म्हणून काही कंपन्या सेलवर कडू थर देतात. उद्देश फार चांगला आहे, पण काही उपकरणांत त्या थरामुळे संपर्क नीट होत नाही. नवाकोरा सेल टाकूनही कॉम्प्युटर उठत नसेल तर हेही तपासा.

बदलताना

वापरणाऱ्याने स्वतः सेल बदलायचा असेल तर झाकणाला नाणं बसेल अशी खाच असते किंवा कंपनीचं छोटं हत्यार मिळतं. मागच्या बाजूला बारीक स्क्रू असलेली घड्याळासारखी मॉडेल बहुतेक सर्व्हिस सेंटरसाठीच असतात. घड्याळवाले काका हाताने कितीही कसबी असले, तरी त्यांच्याकडे डाइव्हच्या दाबाची चाचणी करायचं यंत्र असेलच असं नाही. ३० मीटरवर एकूण दाब चार बार असतो. आधी तेवढं विचारा.

कूलर आणि पंखा बंद करा. कूलरच्या ताटीतून उडणारी कुसळं आणि धूळ ओ-रिंगवर बसते, आणि एक केस किंवा एक धागा पाणी आत घ्यायला पुरेसा असतो. हात धुऊन कोरडे करा. झाकण उघडण्याआधी कॉम्प्युटर बाहेरून पूर्ण वाळलेला हवा, नाहीतर खाचेतला थेंब थेट आत जातो. जुनी ओ-रिंग टूथपिकने काढा, पिनेने काढाल तर खोबणीला ओरखडा पडेल. खोबण मायक्रोफायबर कापडाने पुसा. उजेडात, जमल्यास भिंगाखाली, पूर्ण गोल बघा. नवी ओ-रिंग बोटांमधून फिरवा: खरबरीत लागली, चपटी वाटली, तर नको. कंपनीने सांगितलं असेल तरच ग्रीस लावा, तेही रिंग नुसती चकाकेल इतकंच. सिलिकॉनच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावलं तर ती फुगते. पेट्रोलियम जेली, खोबरेल तेल, मशीनचं तेल यांतलं काहीही नाही.

सेल कडेने धरा. बोटं दोन्ही सपाट बाजूंना लागली तर घामाचा थर राहतो, लागलीच तर कोरड्या कापडाने पुसून मग बसवा. झाकण खुणेपर्यंतच फिरवा. जास्त आवळल्याने जास्त पाणी अडत नाही, प्लास्टिकला तडा तेवढा जातो.

नंतर कॉम्प्युटर पाण्याच्या भांड्यात अर्धा तास ठेवा. बुडबुडे येतात का, काचेच्या आत धुकं धरतं का ते बघा. कमी दाबाला ओ-रिंग पुरेशी दाबली जात नाही, त्यामुळे केस अडकल्यासारखी चूक अशा साध्या चाचणीतही बऱ्याचदा पकडली जाते. खोलीची खात्री मात्र यातून होत नाही, म्हणून जमेल तर पूलच्या खोल बाजूला एकदा घेऊन जा.

आणि सेटिंग बघा. सेल काढल्यावर अनेक मॉडेल वेळ, तारीख, मीटर की फूट, नायट्रॉक्सची (जास्त ऑक्सिजनच्या हवेची) टक्केवारी असं सगळं मूळ जागी नेतात. बोटीवर घाईत हे लक्षात येत नाही.

ट्रिपच्या मधे सेल का बदलू नये

इथे प्रश्न तुमच्या जिवाचा आहे. सेल निघाला की बहुतेक कॉइन सेलवाल्या कॉम्प्युटरांत तुमच्या शरीरातल्या नायट्रोजनचा हिशेब पुसला जातो. सकाळी दोन डाइव्ह झाल्या, दुपारी सेल बदलला, तर तिसऱ्या डाइव्हला कॉम्प्युटर तुम्हाला ताजातवाना समजून भरपूर वेळ देईल. शरीरातला नायट्रोजन कुठेही गेलेला नसतो. म्हणून नो-फ्लाय (विमानात बसण्याआधी थांबायचा वेळ) आणि डीसॅच्युरेशनचे (जादा नायट्रोजन निघून जायला लागणाऱ्या वेळेचे) आकडे शून्यावर आल्याशिवाय सेल काढायचा नाही. मॉडेलनुसार किती थांबायचं ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, तेच प्रमाण माना.

पाण्याखाली स्क्रीन गेली तर शांतपणे बडीला (जोडीदार डायव्हरला) खूण करा, डाइव्ह तिथेच संपवा, सावकाश वर या, ५ मीटरवर तीन मिनिटं थांबा आणि बाहेर या. दुसऱ्याचा कॉम्प्युटर घालून त्याच दिवशी पुन्हा उतरू नका, त्याला तुमचा इतिहास माहीत नाही. २४ तास विश्रांती घ्या. परतीचं विमान त्याच हिशेबात धरा. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कची शिफारस एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान १८ तासांची आहे, आणि तुमचं नो-फ्लाय मोजणारं यंत्र तर बंद पडलेलं असतं.

म्हणून चिन्ह लुकलुकत असताना 'निघेल एवढी ट्रिप' असं म्हणू नका. निघायच्या दोन आठवडे आधी, नागपुरातच, सेल बदला. आठवडाभर कपाटात ठेवून कॉम्प्युटर आपोआप जागा होत नाही ना ते पाहा. गळती असेल तर इथेच कळेल आणि दुरुस्तीला वेळ मिळेल.

रिचार्जेबल असेल तर

शिअरवॉटर पेरेग्रिन किंवा गार्मिन डिसेंटसारख्यांत लिथियम-आयन बॅटरी असते. ती महिनोन्महिने पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका. निम्म्यावर ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी बघत राहा. ४५ अंशांच्या वर चार्जिंग या बॅटरीला सोसत नाही, म्हणून मे महिन्यात दुपारी बंद खोलीत चार्जरला लावण्यापेक्षा पहाटे लावा. चार्जिंगची टोकं उघडी असतील तर मिठाची वरची सगळी कथा त्यांनाही लागू आहे. शिअरवॉटर पर्डिक्समध्ये साधा एए सेल चालतो. वर्षातून एकदा समुद्र बघणाऱ्यांना माझ्या मते तेच सगळ्यात सोयीचं, कारण एए सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतो. फक्त घरी ठेवताना अल्कलाइन सेल आठवणीने बाहेर काढा, ते आतच फुटून गळतात.

सुटे लिथियम सेल विमानात हँडबॅगेतच न्यायचे, मूळ पाकिटात किंवा दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून. काढलेला जुना सेल टेबलावर ठेवू नका. त्यात एवढी वीज उरलेली असते की लहान मुलाने गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून उंच ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.